कपिलेची खुरं

चातुर्मासात मी रोज तुळशीपुढे गाईची तेहतीस पावलं रांगोळीनं काढते, हळदकुंकू वाहते, मगच पाणी पिते. यंदा प्रथमच आमची कपिला गाय कागदावर रंगवली. वर्ध्याच्या चित्रप्रदर्शनाला पाठवायची होती. पण ती काही केल्या जमिनीवर टेकेना, अधांतरी दिसे. आठ दिवस खुरांशी झटले. आज चित्र अंगणात वाळत ठेवून आत गेले, परतले तर सासूबाईंनी ओल्या रंगावरच खुरांना हळदकुंकू वाहिलेलं. "आत्याबाई, चित्र होतं हो ते," मी त्यांना म्हटलं. "मले दिसत नाई काय? पण गाय परगावी निघाली, तिले कोरडीच धाडतं काय?" पुसायला पदर उचलला आणि थांबले. ओघळलेल्या लाल-पिवळ्या डागावर कपिला पाय रोवून उभी होती. चित्र घेऊन वर्ध्याला जाणारे भाऊजी मोटार गाठायला खोळंबले होते. चित्र तसंच त्यांच्या हाती दिलं. सासूबाई दारातून हात जोडून कपिलेला म्हणाल्या, "परत येजो, माय."