जर्मन गाडीचे कल्ले

बरकतनं बंद पडलेल्या गाडीचं मागचं झाकण उघडलं आणि गरम हवेचा झोत त्याच्या तोंडावर आला. आत तापून निळा पडलेला पत्रा दिसला. त्यानंच ठोकलेला. त्यानं झाकण पाडलं.

गाडी जर्मनीहून बोटीनं आलेली. आत झोपायला पलंग, स्टोव्हला फळी, खिडक्यांना पडदे, चाकांवरचं घरच. चिंचवडच्या माळावर कारखाना घालणाऱ्या यशवंतरावांनी ती महिन्यापूर्वी घेतली आणि नीटनेटकी करायला बरकतच्या हवाली केली. वीस वर्षं लॉऱ्यांची इंजिनं उघडलेला माणूस. पण ह्या गाडीचं इंजिन मागं, आणि रेडिएटरच नाही! त्यानं गाडीचं पुस्तक मागितलं. "जर्मन आहे, तुला काय कळणार?" म्हणत यशवंतरावांनी ते कपाटात ठेवलं. अहो, चित्रं तरी कळली असती.

गाडीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी होत्या. तिथून माळावरची धूळ आत जायची. बरकतनं आपल्या अकलेनं विचार केला: वारा लागतो रेडिएटरला, तोच नाही तर फटी कशाला? परवा त्यानं त्या आतून पत्रा मारून बंद केल्या. यशवंतराव खूष. नव्या वर्कशॉपचा मिस्त्री तूच, असा शब्द देऊन बसले.

आणि आज, त्यानंतरच्या पहिल्याच फेरीला, तळेगावच्या अलीकडच्या चढावर, गाडी कण्हली आणि गप्प झाली.

"काय झालं रे?" यशवंतराव पडदा सारून खाली उतरले.

"इंजिन धरलं, साहेब. तापून जाम झालं."

"कुणामुळं?"

मालकांना इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. पण गुन्हेगार लागतो, उभ्या उभ्या लागतो, आणि तो हाताखालचाच लागतो.

ड्रायव्हर बन्सी टोपी हातात घेऊन उभा होता. वाटेत दोनदा म्हणाला होता, "उस्ताद, मागनं जळका वास येतोय." "नवा रंग आहे रे, तापला की येतो," बरकतनं त्याला उडवून लावलं होतं. बन्सीची चार एकर जमीन कारखान्याच्या तारेच्या कुंपणात गेलेली. बदल्यात ही ड्रायव्हरकी. आणि परवा पत्रा ठोकताना खालून धरून उभा होता तोही बन्सीच.

बरकतच्या डोळ्यांपुढं वर्कशॉप आलं. मिस्त्रीला मिळणाऱ्या दोन खोल्या आल्या. ते ऐकून आजारपणातही खाटेवर उठून बसलेली त्याची बायको परवीन आली.

"ह्यानं चढाला गाडी ताणली," तो म्हणाला.

बन्सीनं झाकणाकडं पाहिलं. मग बरकतकडं. बरकत पान्ह्यांची पिशवी आवरायला लागला. आवरण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

"साहेब, मी..."

"तोंड बंद! बैल हाकायची लायकी, आणि हातात विलायती गाडी दिली मी. जा, कुठून तरी बैल आण. गाडी चिंचवडला पोचव आणि उद्यापासून कारखान्यावर दिसू नकोस."

"जमीन घेताना नोकरीचं तुमी बोलला व्हता, साहेब."

"कागदावर अंगठा कुणाचा? माझा?"

तेवढ्यात पुण्याकडं जाणारी ओळखीची मोटार थांबली. यशवंतराव तिच्यात बसून निघून गेले. बन्सी बांधाबांधानं चालत शेजारच्या गावाकडं गेला.

बरकत एकटा उरला. ह्या इंजिनाला पाणी नव्हे, वाराच गार ठेवायचा, आणि तो ह्याच फटींतून यायचा, हे त्याला आता कळलं होतं. त्यानं झाकण उघडलं आणि पत्रा उचकटून काढला. बोटं भाजली तरी सोडला नाही. लांब करवंदीच्या जाळीत भिरकावला. मग सावलीला जाऊन बसला, पण बसवेना.

उन्हं कलताना बन्सी मेहुण्याची बैलजोडी घेऊन आला. दोघांनी मिळून गाडी फिरवली. बन्सी मागून रेटत होता, तेव्हा पत्र्यावाचून उघडे कल्ले त्याच्या अगदी नजरेसमोर आले. त्यानं पुढं जाऊन दोराची गाठ मारली, ओढून पाहिली, आणखी एक मारली.

बरकत स्टिअरिंगवर बसला. घसा खाकरला.

"बन्सी. बेटा, मी..."

बन्सी बैलांच्या पुढं जाऊन उभा राहिला होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"उस्ताद, ब्रेकवर पाय घट ठिवा. उतार हाय. बैलांच्या अंगावर घालाल."