मैलोबा

हॉटेलवाल्या शेठनं जेसीबी लावून भामाबाईची नारळाची टपरी उचलली होती. शेठला तिथं गेट हवं होतं. आता आडवा येत होता तो फक्त टपरीशेजारचा, रस्त्याकडेचा देव, शेंदरानं माखलेला मैलोबा.

"पुरणाचा नैवेद्य दाखवू. देवही हलतो," शेठ म्हणाला होता.

आज जुने मैलाचे दगड शोधत पुरातत्त्वचे साहेब आले. भामाबाईनं रॉकेलचा बोळा घेतला आणि जन्मभर स्वतःच्या हातानं चढवलेला शेंदूर खरवडून काढला. खाली कोरलेले इंग्रजी आकडे उघडे पडले.

"हा दगड जागचा हलवायचा नाही," साहेब म्हणाले. "इथं गेट होणार नाही."

शेठचा चेहरा उतरला. भामाबाईनं लाल हात पदराला पुसले.

"देव होता तोवर पुरणावर हलला असता, शेठ. आता तो सरकारचा दगड आहे."