डांबराच्या गोळ्या

"धोका टळला आजी. उद्या नातवाला घरी न्या," अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम मैनाबाईला म्हणाल्या. "पण बारशाला जे कपडे घातले, ते कुठं ठेवले होते?"

"पेटीत. डांबराच्या गोळ्या टाकून."

"त्यानंच बाळ पिवळं पडलं. बहुतेक बाळांना त्या गोळ्यांचं काही होत नाही. काहींच्या रक्तात मात्र जन्मतःच एक गोष्ट कमी असते. त्यांच्या रक्तपेशी तेवढ्यानंही फुटतात. हे आईकडून मुलात येतं. घरात आधी कोणाला असं झालं होतं?"

मैनाबाईची लेक, बाळाची आई आरती दारातून ऐकत होती. व्हरांड्यातल्या बाकावर मैनाबाईची धाकटी जाऊ आशाबाई डबा घेऊन बसली होती. ती अमरावतीतच राहायची. रोज डबा आणायची, पण बाळाच्या खोलीत पाऊल टाकायची नाही.

"माह्या पयल्या पोराले," मैनाबाई म्हणाली. "बारशानंतर पिवळा पडला अन् गेला."

"त्याचेही कपडे पेटीतलेच होते?"

"हो. त्याच पेटीतले."

डॉक्टर मॅडम निघून गेल्या. पहिल्या पोराच्या त्या बारशात आशाबाईनं बाळाला पाळण्यातून उचलून घेतलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं. 'हिचीच नजर लागली,' असं मैनाबाई परतवाड्यातल्या घराघरात सांगत फिरली होती. तेव्हापासून घरातल्या कुठल्याच बारशाला आशाबाईला बोलावणं गेलं नाही. या नातवाच्याही नाही.

"आई," आरती हळूच म्हणाली, "तू तर काकूले..."

"मालूम हाय मले."

मैनाबाईला मान वर करवेना. बाकापर्यंत जावं, काहीतरी बोलावं, असं खूप वाटलं. शेवटी ती आत गेली, दुपट्यात गुंडाळलेला नातू घेऊन बाहेर आली आणि जावेसमोर उभी राहिली.

"आशा, घे याले."

आशाबाई दचकून उठली. "नको बाई. आताच बरं झालं लेकरू."

"घे ना वं," मैनाबाईनं बाळ पुढं केलं. "मीच सांगून राहिली ना तुले."

आशाबाईनं पदराला हात पुसले. पुन्हा पुसले. मग खाली बसून तिनं बाळाला मांडीवर घेतलं, आणि त्याच्याकडे बघण्याआधीच आपले डोळे घट्ट मिटून घेतले.