बाईंचा खुणेचा शब्द

सत्तराव्या वाढदिवशी घोलप बाईंनी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला, नीलोफरला, फोन केला. नगरपालिकेच्या शाळेत वीस वर्षं त्यांनी ‘खरं-खोटं’ हा विषय शिकवला होता. ओळखीचा आवाज म्हणजे माणूस नव्हे, हुबेहूब आवाज यंत्रही काढतं. समोरासमोर बसून खुणेचा शब्द ठरवा आणि फोनवर आधी तो विचारा, हा पहिलाच धडा. आता सारं गाव तसंच वागत होतं.

“नीलू, संध्याकाळी घरी ये गं. शिरा केलाय.”

“खुणेचा शब्द?”

“आपला कुठं ठरलाय? माझा कुणाशीच ठरलेला नाही. अगं, चौथीत तू माझ्या खुर्चीवर शाई सांडली होतीस!”

“ते मीच नेटवर लिहिलंय. आवाज मात्र झकास जमवलाय हं!”

“अगं, मी खरीच आहे.”

“शक्यच नाही. आमच्या बाईंनी कधी कुणाला घरी बोलावलं नाही. वही घ्यायच्या आणि दारातूनच परत पाठवायच्या.”

फोन कट झाला. बाईंनी तिचं उत्तर मनात दोनदा तपासलं. चूक सापडेना. त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले.

यादीतले पुढचे नंबर त्यांनी लावलेच नाहीत. ती मुलंही हुशारच होती.