जोडप्यांचे फोटो

“हा घे. आजपासून तुझा.” बाबांनी गळ्यातला नवा कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला आणि त्याचा पट्टा नीट गुंडाळला. “माझं झालं आता.”

लेक संगणकावर त्यांनीच सकाळी काढलेले फोटो उघडून बसली होती. एका म्हाताऱ्या जोडप्याला त्यांच्या मुलांनी हौसेने स्टुडिओत आणलं होतं. आजीबाई चारदा आरशासमोर जाऊन आल्या होत्या, आजोबांनी कोटाची बटणं लावायची की नाही यावर वाद घातला होता. आणि फोटोत दोघंही अशी धूसर, जणू वाफेआडून बघतोय. दुपारी ते फोटो न्यायला येणार होते.

बाबा हे कधी म्हणतील याची ती कितीतरी दिवस वाट पाहत होती. हा मिररलेस कॅमेरा तिनेच हट्टाने घ्यायला लावला होता. जुन्याशी बाबांचं छान जमायचं, नव्याशी सूत काही जुळेना. गिऱ्हाईक धूसर फोटो घेऊन परत आलं की ती पुढे व्हायची, गोड बोलायची, पुन्हा काढून द्यायची आणि राहिलेलं काम रात्री जागून उरकायची. भावाला तर तिने फोनवर सांगूनही टाकलं होतं, बाबांचे हात थरथरायला लागलेत म्हणून. बाबांना कसं सांगायचं, एवढंच ठरत नव्हतं. ते अवघड काम आता परस्पर झालं.

“असं काय हो एकदम,” ती म्हणाली. म्हणायला हवं होतं म्हणून म्हणाली.

“एकदम कुठे? चष्मा बदलून झाला. हात कापत असतील म्हणून चहा सोडला. चहावाचून मी घरात कसा वागतो ते आईला विचार तुझ्या.” बाबांनी हसायचा प्रयत्न केला. “बघताना मला माणसाच्या पापण्या दिसतात गं. बटण दाबलं की सगळं गेलं. एकटादुकटा माणूस बरा येतो. जोडप्यांचंच बिनसतं. आता जोडप्यांचं बिनसायला मी कशाला लागतो, म्हणा.”

एरवी ती हसली असती. आता त्यांच्याकडे बघवेना, म्हणून तिने उगाच फोटो मोठा करायला घेतला. आजीबाईंचा चेहरा पडद्याबाहेर गेला आणि मागचं करडं कापड समोर आलं. त्या कापडाला एका ठिकाणी आईने रफू केलं होतं. रफूचा टाका न् टाका दिसत होता.

ती थबकली. दुसरा फोटो उघडला, मग मागच्या आठवड्यातल्या नवराबायकोचा. चेहरे धूसर, रफू स्वच्छ. हात हलला असता तर मागचं कापडही पुसट आलं असतं. म्हणजे हात हलला नव्हता. कॅमेऱ्याने नेम, म्हणजे फोकस, बरोबर धरला होता, फक्त भलत्याच गोष्टीवर.

का, तेही तिच्या लक्षात आलं. बाबांची जन्माची सवय अशी, की आधी एकाच्या डोळ्यावर नेम धरायचा, बटण अर्धं दाबून तो पक्का करायचा आणि मग कॅमेरा जरासा सरकवून दोघांना चौकटीत बसवायचं. जुना कॅमेरा एकदा धरलेला नेम सोडत नसे. हा नवा मात्र फोटो निघेपर्यंत नेम धरतच राहायचा, मधोमध जे येईल त्यावर. जोडप्याच्या मधोमध येते ती दोन डोक्यांमधली फट, आणि फटीत दिसतं मागचं कापड. धावती पोरं टिपता यावीत म्हणून हे सेटिंग तिनेच पहिल्या दिवशी करून ठेवलं होतं. बाबांना सांगायचं राहून गेलं होतं.

गप्प बसली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. बाबा घरी आराम करायला लागले असते, स्टुडिओ तिच्या मनासारखा चालला असता, भावाला सांगितलेलंही खरं ठरलं असतं. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं, आणि आलं याचीच तिला लाज वाटली.

“बाबा, तुमचे हात चांगले आहेत,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. इकडे या, दाखवते.”

तिने रफू दाखवलं. सेटिंग दाखवलं, ते आपण केलं होतं हेही सांगितलं. बाबांनी संगणकापाशी वाकून रफू पुन्हा एकदा पाहिलं.

“म्हणजे चहा मी उगाचच सोडला?”

“उगाचच.”

तिने सेटिंग बदलून कॅमेरा त्यांच्या हातात दिला. “ते दोघं दुपारी आले की तुम्हीच पुन्हा काढा. आधी माझा एक काढून बघा.”

“बस तिथे. शेजारची खुर्ची असू दे, जोडप्यासारखी.”

ती बसली. बाबांनी तिच्या डोळ्यावर नेम धरला, बटण अर्धं दाबलं, कॅमेरा सरकवला. खट्ट.

बाबा फोटो मोठा करून बघू लागले. ती उठून त्यांच्यापाशी आली. कापड मागे धूसर झालं होतं आणि तिची पापणी न् पापणी वेगळी दिसत होती. बाबांचा चेहरा मात्र खुलला नव्हता.

“का? नीट नाही आला?”

“आलाय की.” त्यांनी तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बोटाने आणखी मोठी केली. “किती ओढलेली दिसतेस गं. आणि मला इतके दिवस दिसलं कसं नाही?”