मरोळची हिमनदी

अलास्काला जाणाऱ्या बोटीवर कुक असलेल्या ॲम्ब्रोजला प्रवासी विचारायचे, हिमनदी डेकवरून छान दिसते की केबिनच्या खिडकीतून? त्याला मात्र भलताच घोर लागलेला: मरोळला बसलेल्या आपल्या आईला ती दिसणार कशी? शेवटी हिमनदीचा तुटून आलेला, हजारो वर्षांचा एक तुकडा त्याने थर्मासात कोंबला आणि विमानात तान्ह्या पोरासारखा मांडीवर सांभाळत घरी आणला. थर्मास ओट्यावर ठेवून तो अख्ख्या गल्लीला बोलवायला धावला.

माणसं जमली. ॲम्ब्रोजने ऐटीत झाकण फिरवलं. थर्मास रिकामा.



"बाहेरचा बर्फ, त्यात गल्लीत कावीळ," स्टोव्हवरचं पातेलं दाखवत आई म्हणाली, "चांगला खळखळून उकळून घेतलाय, बाबा."