फोटोत मावेपर्यंत

टेबल टेम्पोत चढलं आणि दोघे भाऊ पुन्हा परके झाले. थोरला लाँड्रीच्या दाराच्या या कडेला जाऊन उभा राहिला, धाकटा त्या कडेला. इस्त्रीचं ते टेबल एकट्याने हलत नाही, म्हणून दोघांना यावं लागलं होतं. उचलतानाही एकमेकांशी बोलले नाहीत. जे काही सांगायचं ते आईला सांगत होते, आणि ती मध्ये उभी राहून पोस्टमनचं काम करत होती.

आता शटर ओढलं की लाँड्री कायमची बंद. मग हे दोघे पुन्हा एका दारात कशाला येतात? म्हातारीने पिशवीतून आपला फोन काढला. दाराशी तुमचा एक फोटो घेते, म्हणाली.

धाकटा हसला. तिच्या फोनमध्ये माणूस आणि विजेचा खांब सारखाच दिसतो, असं त्याचं म्हणणं. त्याने स्वतःचा नवाकोरा फोन पुढे केला. यात केस न् केस मोजता येतो, शिवाय एवढ्याशा गल्लीतूनही अख्खं दुकान मावतं. कुणी जागचं हलायला नको.

"हलायला नको, म्हणूनच नको," आई म्हणाली.

ती मागे सरकत गेली, ती पाठ समोरच्या भिंतीला टेकेपर्यंत. तरी तिच्या फोनमध्ये दार तेवढं दिसत होतं. एकीकडे थोरल्याचं कोपर, दुसरीकडे धाकट्याच्या चपलेचं टोक.

"आत या."

दोघे वीतभर सरकले.

"अजून."

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. ऊन चढतंय, आता पुरे, असं थोरल्याने सांगून पाहिलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जन्मभर तापली इस्त्री धरलेला हात तो. फोनचं त्याला काय ओझं?

"मावलो की आम्ही एवढ्यात," धाकटा कुरकुरला.

"बघतंय कोण? तू की मी?"

आणखी सरकले. मधलं हातभर अंतर मात्र काही केल्या मिटेना. दोघे नाकासमोर बघत राहिले. आईही हलेना. टेम्पोवाल्याने कंटाळून इंजिन बंद केलं.

शेवटी थोरल्याने सुस्कारा सोडला. "ये रे इकडे. ही आपल्याला संध्याकाळपर्यंत उभं करील."

धाकट्याचा खांदा त्याच्या खांद्याला लागला, तेव्हा कुठे तिने बटण दाबलं.

दोघे बघायला धावले. फोटो धुरकट होता, आणि वरून कापलेला.

"दादा, बघ हे," धाकटा म्हणाला. "आपली डोकीच नाहीत यात."

आईने फोन पिशवीत टाकला आणि शटरला हात घातला.

"डोकी राहू देत. खांदे आलेत ना?"